फ्लॉपीला कुंकू

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला माझ्या धाकट्या भावानं आणि मी साताऱ्यात मुलांसाठी कॉम्प्युटरचे खेळ बनवायची कंपनी काढली. कंपनी म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. मी शाळेची नोकरी सोडून आलेली, तो प्रोग्राम लिहिणारा. पहिला खेळ पाढ्यांचा. उत्तर बरोबर आलं की विहिरीतून पोहरा वर चढायचा, चुकलं की धपकन खाली. दारोदार हिंडूनही एका शाळेनं तो घेतला नव्हता. तेवढ्यात पुण्याच्या एका कंपनीनं भावाला नोकरी देऊ केली आणि सोमवारी संध्याकाळपर्यंत फोनवर कळवायला सांगितलं. त्याच दिवशी आम्हाला आष्ट्याच्या शाळेत खेळ दाखवायचा होता. "ताई, आष्टा न्हाई म्हणालं तर मी जातो," तो म्हणाला. त्याच्याशिवाय कंपनी म्हणजे दारावरची नुसती पाटी.

शाळेत कॉम्प्युटर नवाकोरा होता. संस्थेची मंडळी खुर्च्यांवर, पोरं जमिनीवर. मोठ्या बाईंनी नारळ फोडला. मॉनिटरला कुंकू लागलं, कीबोर्डला लागलं, मग बाईंनी खेळ साठवलेली आमची फ्लॉपी उचलली. ती जुनी, मोठी, वाकणारी फ्लॉपी. तिच्या काळ्या पाकिटाला लांबट खिडकी असायची आणि त्यातून आतली चकती उघडी दिसायची. कपाळ सापडल्यासारखं बाईंनी नेमकं तिथंच ओल्या कुंकवाचं बोट टेकवलं.

"अहो बाई!" माझ्या तोंडून निघालंच. मी मुळातली तापट, पुढं काय बोलले असते देव जाणे. भावानं माझा हात दाबला आणि मंडळींना हसून म्हणाला, "चहा घ्या तवर, आमी लावतो."

व्हरांड्यात येताच त्याचा चेहरा उतरला. खेळ कुणी चोरू नये म्हणून आम्हीच त्याला असं कुलूप घातलं होतं, की नक्कल केली तर चालायचीच नाही. खेळाची दुसरी अस्सल फ्लॉपी होती ती साताऱ्याला, घरी.

"आता धुवा म्हणावं!" मी चिडून म्हणाले.

तो माझ्याकडे बघत राहिला. "व्हय. धुऊच."

शिवणाच्या वर्गातून कात्री आणली. त्यानं पाकीट कापलं, चकती कडेला धरून बाहेर काढली. मी माठातलं पाणी ओतत होते. पुसायची सोय नव्हती, ओरखडा उठला असता. तो चकती वाऱ्यावर धरून उभा, आणि ती काही वाळेना. शिपाईमामा दारात आले. "आवं, आटपा. मंडळी उठाया लागली."

पिशवीतल्या एका कोऱ्या फ्लॉपीचं पाकीट कापून त्यानं चकती त्यात सरकवली.

मशीन खरखरलं. थांबलं. पडदा काळाच. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते आणि बाईंना शिव्याही देत होते. पुन्हा खरखर झाली आणि विहीर दिसली. पुढं बसलेल्या पोरीनं सात आठेचं उत्तर दाबलं, पोहरा वर आला, पोरांनी वर्ग डोक्यावर घेतला. अध्यक्ष म्हणाले, "आमच्या शाळंला पायजे ह्यो."

"पूजा पावली बघा," मोठ्या बाई म्हणाल्या.

स्टँडवर येताच भाऊ फोनच्या बूथमध्ये शिरला. खेळ तर चालला होता, पण पुण्याचा पगार मला ठाऊक होता. काचेतून त्याची पाठ तेवढी दिसत होती. बाहेर आला तेव्हा विचारायचं धाडस मला होईना.

तो आपली लालसर बोटं बघत म्हणाला, "ताई, फुडच्या खेळाला कुलूप नको."

मी भर स्टँडवर रडले.