पहिल्या नंबराचा सत्कार

आमच्या सोलापुरात मॅरेथॉन भरवायचं ठरलं तेव्हा मॅरेथॉन म्हणजे किती मैल, हे ठरवणाऱ्यांपैकी एकालाही माहीत नव्हतं. अध्यक्ष होते एक वकील. त्यांनी कुठल्याशा इंग्रजी मासिकात विलायतेतल्या शर्यतीचा फोटो पाहिला होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना साहेब-मडमांची गर्दी, मधून धापा टाकत आलेला चड्डीतला माणूस आणि त्याच्याशी हात मिळवणारा एक लठ्ठ गृहस्थ. वकीलसाहेबांना त्यातला लठ्ठ गृहस्थ आवडला असावा, असं माझं तेव्हापासूनचं मत आहे. पळायचं दुसऱ्यानं आणि फोटोत आपण, इतका सोयीचा खेळ त्यांना दुसरा कुठे मिळणार होता?

मग समिती झाली. समिती म्हणजे ज्याला ज्याला म्हणून गावात खुर्ची लागते असा प्रत्येक जण. डॉक्टर, पेढीवाले, गिरणीतले दोन साहेब, प्रत्येक पेठेतला एकेक वजनदार माणूस. आमच्या शुक्रवार पेठेतर्फे एक निवृत्त हेडमास्तर होते. पळणाऱ्या एकाचंही नाव यायच्या आधी सभासदांचे रेशमी फितीचे बिल्ले पुण्याहून आले. बैठका वकिलांच्या माडीवर व्हायच्या आणि भज्यांचा वास खालच्या गल्लीपर्यंत यायचा. पळायला जे तयार झाले ते मात्र सगळे तालमीतले, गिरणीतले, नाहीतर हातमागावरचे. त्यांना माडीवर कुणी बोलावलं नाही.

रस्ता आधी सरळ ठरला होता. किल्ल्याजवळच्या मैदानातून निघायचं, तुळजापूर वेशीतून हिप्परग्याच्या तलावापर्यंत जायचं आणि तसंच परत यायचं. पण मग एका सभासदाची पेठ वाटेत येत नव्हती. ती घेतली, तर दुसऱ्याची राहिली. तीही घेतली. असं करत करत परतीचा रस्ता गावातून जिलबीसारखा फिरला. एवढं झाल्यावर कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की आपल्या पेठेत जो पहिला येईल त्याचा पेठेतर्फे सत्कार करायचा. सगळ्यांना ते पटलं. हँडबिलंही निघाली. पहिला येणारा हाच पळत असणार आणि सत्कार करायचा तर त्याला थांबवावं लागणार, हे इतक्या शिकलेल्या डोक्यांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही. माझे वडील जकात नाक्यावर कारकून होते. ते हँडबिल वाचून एवढंच म्हणाले, की नाक्यावर आम्ही गाड्या थांबवतो, हे माणसं थांबवणार.

मला यातलं काहीही हसण्यासारखं वाटत नव्हतं, कारण माझा दादा पळणार होता. दादा मराठी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास होता आणि गिरणीत बदलीवर जायचा. म्हणजे रोज फाटकाशी उभं राहायचं. कुणी कायमचा माणूस आला नाही तर आत घ्यायचे, नाहीतर घरी. त्याची बायको वर्षभर माहेरी, मंगळवेढ्याला होती. तिच्या वडिलांचं, आबांचं, म्हणणं साफ होतं. काळ्या रानातली ज्वारी सोडून मुलगी शहरात दिली ती पगार बघून, तो दिसेल तेव्हा धाडतो. आणि आता अध्यक्षांनी जाहीर केलं होतं, की पहिल्या नंबराला आमच्या हायस्कुलात ड्रिलमास्तर म्हणून घेण्याचा विचार होईल. ते त्या शाळेच्या कारभारी मंडळावर होते. बाकीचे सभासदही त्यात होते, कुणी आज, कुणी उद्या होणारा. म्हणजे शर्यत जिंकायची आणि वाटेत एकाही सभासदाला दुखवायचं नाही. दादा पहाटे उठून हिप्परग्यापर्यंत पळून यायचा आणि मग गिरणीच्या फाटकाशी उभा राहायचा. त्याच्यासारखा पळणारा गावात नव्हता, हे मी बहीण म्हणून सांगत नाही.

शर्यतीच्या दिवशी मैदानात मांडव होता, गालिचे होते, बँड होता. पाहुणे म्हणून बोलावलेले साहेब यायचे होते, त्यामुळे पळणारे उन्हात ताटकळत उभे. मधल्या वेळात अध्यक्षांनी भाषण करून घेतलं. ग्रीस देशातला एक शिपाई लढाई जिंकल्याची बातमी घेऊन कसा पळत आला आणि बातमी सांगून तिथेच कसा गतप्राण झाला, हे त्यांनी डोळे मिटून सांगितलं. माझ्या आईनं मला विचारलं, मेला तर या वकिलाला आनंद कसला झालाय? साहेब आले, त्यांनी हार घातला, म्हणजे घालून घेतला, आणि रुमाल हलवला. सगळे पळाले. मंडळी लगेच चहाला गेली. आम्ही शुक्रवार पेठेत परत आलो.

पुढचं दादानं मला नंतर सांगितलं. हिप्परग्याहून परतताना तो सगळ्यांच्या बराच पुढे होता. वेशीतून आत आला आणि पहिल्याच पेठेत त्याला अडवला. खुर्ची मांडलेली होती. त्याला बसवलं, गंध लावलं, हार घातला, हातात नारळ दिला आणि पेठेचे सभासद दोन शब्द बोलले. दोन शब्द होईतो मागचे पाच-सहा जण वाकून बाजूनं निघून गेले. दादानं पेढा तोंडात धरून त्यांना पुन्हा गाठलं. पण दुसऱ्या पेठेच्या तोंडाशी पाहतो तर ते सगळे थांबलेले. कुणी चड्डीची नाडी बांधतोय, कुणी पायातला काटा शोधतोय. पुढे कुणी जाईना. जो पहिला जाईल तो अडकणार, हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. शर्यतीतली माणसं एकमेकांना पुढे व्हा, पुढे व्हा म्हणून आग्रह करत होती. असली शर्यत विलायतेतल्या मासिकानं कधी छापली नसेल.

त्यांतला एक नातेपुत्याचा गडी होता. गिरणीत नवा लागलेला, गावात त्याला ओळखणारं कुणी नव्हतं. तो दादाला म्हणाला, "तुमी व्हा फुडं. तुमच्या वळकीची मान्सं हायत."

दादा पुढे झाला. नसता झाला तर बरं, असं मला आजही वाटतं, पण त्या पेठेचे सभासद हार घेऊन त्याच्याकडेच बघत होते. त्यांना ओळख दाखवून मागे उभं राहणं त्याला जमणार नव्हतं. नोकरीवर त्यांचं मत पडणार होतं. मग प्रत्येक पेठेत तेच. तेलुगू विणकरांच्या गल्लीत त्याच्या खांद्यावर नवं उपरणं पडलं. नारळ हा प्रसाद, तो रस्त्यात टाकायचा कसा, म्हणून त्यानं उपरण्यात नारळ बांधून ते कमरेला कसले. तसा तो पळत होता. नारळ मांडीवर आपटत होते. आणि तरीही तो प्रत्येक वेळी सगळ्यांना गाठत होता.

आमच्या पेठेत हेडमास्तरांनी सगळ्यांवर ताण केली होती. त्यांनी मंगळवेढ्याला माणूस पाठवून आबांना मुलीसह बोलावून घेतलं होतं. पत्नीच्या हातून वीराला ओवाळायचं, असा त्यांचा बेत. दादाला काही सांगितलं नव्हतं. शर्यत सुटल्यावर ते आमच्या घरात येऊन वहिनीला कसं उभं राहायचं ते शिकवून गेले. मला त्यांचा इतका संताप आला होता की मी त्यांना पाणीही विचारलं नाही. वर्षभर ज्या दोघांची भेट नाही, त्यांची भेट भर रस्त्यात, बँडच्या तालावर, यांच्या देखरेखीखाली व्हायची. आबा खुर्चीवर बसले होते, फेटा नवा होता. वहिनी ताट घेऊन माझ्या शेजारी उभी होती.

दादा आला. गळ्यात हारांचा ढीग, कपाळावरचं गंध घामाबरोबर नाकावर ओघळलेलं, कमरेला नारळांचं गाठोडं. वहिनीला पाहिलं आणि तो जो थांबला तो तसाच. हेडमास्तरांनी चष्मा पुसला आणि मानपत्र वाचायला घेतलं. छापलेलं होतं, चौकटीसह. "हे वायुपुत्रा" इथपासून सुरुवात. दादा हात जोडून उभा. त्याची छाती भात्यासारखी हलत होती आणि नजर वहिनीवरून निघत नव्हती. तेवढ्यात नातेपुत्याचा गडी कोपऱ्यावरून आला, मान खाली घालून ओट्याच्या कडेकडेनं सरकला आणि पळाला. पुढे सत्कार करायला पेठ उरली नव्हती. पुढे मैदान होतं.

सगळ्यांनी त्याला जाताना पाहिलं. कुणी बोललं नाही, कारण मानपत्र चालू होतं.

वहिनीनं ताट माझ्या हातात दिलं. डोक्यावरचा पदर नीट केला, सासऱ्यांच्या, वडिलांच्या, सगळ्या पेठेच्या देखत रस्त्यावर उतरली आणि दादाच्या गळ्यातले हार काढायला लागली. कमरेची गाठ घट्ट बसली होती, ती तिनं दातांनी सोडवली.

"अवो, हुबं काय ऱ्हायलाय," ती म्हणाली. "पळा की."

दादा पळाला. तसं पळताना मी माणूस पाहिलेला नाही. हेडमास्तर "तुझिया चरणी" या शब्दावर अडकले. कागदाची घडी करता करता ते आबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले, की मंगळवेढ्याकडे मुलींना वळण लावायची पद्धत दिसत नाही. आबांची मान खाली गेली. मी ताट ओट्यावर आपटलं.

दादा हरला. थोडक्यात हरला, एखाद्या खोलीच्या लांबीनं, असं पाहणारे सांगत होते. मैदानात बक्षीस समारंभ झाला, नातेपुत्याच्या गड्याशी हात मिळवताना अध्यक्षांचा फोटो निघाला. एकदा नीट आला नाही म्हणून पुन्हा निघाला. मग अध्यक्ष म्हणाले, की विजेत्याला अक्षरओळख नाही, हे कळवण्यास खेद वाटतो, त्यामुळे ड्रिलमास्तरांच्या जागेचा निर्णय मंडळ योग्यता पाहून करील. योग्यता पुढे अध्यक्षांच्या भाच्यात सापडली. शर्यतीच्या दिवशी तो शिट्टी गळ्यात अडकवून मांडवात बसला होता. म्हणजे दादा एकाही पेठेत थांबला नसता, सगळ्यांना मैलभर मागे टाकून आला असता, तरी तेच झालं असतं. हे कळल्यावर मला समितीतल्या एकेकाच्या घरी जाऊन बोलून यावंसं वाटत होतं. वडिलांनी जाऊ दिलं नाही.

पण भाच्याचं नंतर कळलं. त्या दिवशी संध्याकाळी आम्हाला फक्त हरल्याचं माहीत होतं. दादा सोप्यात भिंतीला टेकून बसला होता, त्याच्या पायांना आई तेल लावत होती. आबा फेटा बांधून उभे राहिले. मंगळवेढ्याची सर्व्हिस मोटार दिवेलागणीला सुटायची. ते कुणाकडे न बघता म्हणाले, "पोरीला घिऊन जातो. न्हाई म्हंजी, ठरल्यापरमानं. नोकरीचं जमलं की धाडतो." आईचे हात थांबले.

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात आली. कोपरापर्यंत ज्वारीचं पीठ होतं.

"आबा, भाकरी खाऊन जावा," ती म्हणाली. "म्या न्हाय येत."

आबांनी नोकरीचं विचारलं. माझ्या आठवणीत ते रागावलेले नव्हते, थकलेले होते.

"लागंल तवा लागंल. सगळ्या गावाम्होरं ह्यास्नी पळा म्हनले. आन आता मीच माघारी फिरू व्हय?"

आबांनी फेटा काढून खुंटीला लावला आणि हात धुवायला पाणी मागितलं. पाणी मी दिलं. दादा तोंड भिंतीकडे करून रडत होता, आणि त्याच्याकडे बघायचं नाही एवढं शहाणपण त्या दिवशी आमच्या घरातल्या प्रत्येकाला होतं.