सव्वा मणाचा पिठ्ठू

दुकानात आले की हवालदार आधी माझ्याकडे पाठ फिरवायचे. रामराम नाही, चौकशी नाही. हात किंचित मागे घेऊन उभे राहायचे आणि म्हणायचे, "चढवा." पिशवी नुसती डोळ्यांनी पाहणाऱ्या गिऱ्हाइकांचा त्यांना राग होता. "वझं डोळ्यावर घ्याचं हाय का पाठीवर? मग पाठीला इचारा की."

साताऱ्यात स्टँडमागे माझं ताडपत्री आणि होल्डॉल शिवण्याचं दुकान होतं. एकाहत्तरची लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. फौजेतून निवृत्त झालेले हवालदार महाबळेश्वरच्या मागच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीत राहत. रानडुकरं नाचणीची नासाडी करत, म्हणून त्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती. मारलेलं डुक्कर दरीतून वर आणायला त्यांना पिठ्ठू हवा होता. पाठीवरच्या पिशवीला फौजी माणूस पिठ्ठूच म्हणतो.

लिलावात घेतलेले तीन जुने पिठ्ठू मी दाखवले. त्यांनी एकेकात माझ्याच ताडपत्रीच्या गुंडाळ्या कोंबल्या आणि समोरच्या लॉजच्या जिन्यावर चढउतार सुरू केली. लॉजचा मॅनेजर "खोली पाहिजे का?" म्हणत त्यांच्या मागे तीनदा वर गेला आणि तीनदा खाली आला. हवालदार घामाघूम होऊन परतले.

"पयला खांदं खातोय. दुसरा उतारावर म्होरं ढकलतोय. आन् ह्यो तिसरा, म्हायेराला निघालेल्या बायकुवानी मागं वढतोय."

शेवटी नवाच शिवायचं ठरलं. तळहाताएवढे रुंद पट्टे, कमरेला कातडी पट्टा, तळाला दुहेरी कॅनव्हास. कड्यावर मुळ्या धरायला दोन्ही हात मोकळे लागतात, म्हणून भार खांद्यावर न येता कमरेवर यायला हवा, हे मी त्यांच्याकडूनच शिकलो. आणि तळाशी दोन बाजूंना वीत-वीत रुंद अशी दोन भोकं.

"ही कशाला?"

"रगत गळाया."

"रक्ताला एवढी वाट लागते?"

"डुकराचं रगत दाट असतंय."

वजन किती पेलायला हवं, असं विचारलं तर म्हणाले, "सव्वा मण. लय हट्टी डुक्कर हाय." मला काही पटलं नव्हतं, पण फौजी माणसाशी वाद घालण्याची माझी छाती नव्हती. सांगितलं तसं शिवून दिलं.

त्या शिमग्याला त्यांनी मला वाडीवर पारधीला बोलावलं. सकाळी वाडीच्या तोंडाशी पोचलो तर हवालदार समोरून येत होते. पाठीवर माझा पिठ्ठू. पिठ्ठूत एक वाळका म्हातारा बसलेला, त्याचे दोन्ही पाय त्या भोकांतून बाहेर लोंबणारे, आणि हनुवटी हवालदारांच्या टोपीवर टेकलेली.

हा धोंडीबा. हवालदारांना रान शिकवलं ते यानेच. दोन वर्षांपूर्वी डुकराने मांडी फाडली आणि त्याचा एक पाय कायमचा लुळा पडला. त्या वाडीची रीत अशी की, ज्याचा पाय पारधीच्या दिवशी ओढ्यापलीकडे लागला त्यालाच मटणाचा वाटा. मग तो कुत्रा असला तरी चालेल. घरी बसलेल्या पाटलालाही मिळत नसे. त्यानंतरच्या पहिल्या शिमग्याला हवालदारांनी स्वतःच्या वाट्यातलं मटण धोंडीबाच्या घरी नेला, तर त्याने ते परत पाठवलं. "मी काय मागून खाणारा हाय व्हय?" आणि तेव्हापासून बोलणंच टाकलं. चाळीस वर्षांचा दोस्त आपण दारात गेलो की मान फिरवून बसतो, हे हवालदारांना सोसलं नाही. माणूस न्यायला पिशवी शिवतोय हे आधी कळलं असतं, तर धोंडीबा तिच्यात मेला तरी बसला नसता. म्हणून माझ्यापुढेही ते रक्ताचं सोंग. पिठ्ठू तयार होऊन दारात आल्यावर मात्र त्याला रानाची ओढ आवरली नाही.

"डावीकडं चल," वरून हुकूम सुटत होते. "आरं, जेवतोस त्यो न्हवं, दुसरा."

"गप बस. न्हाईतर हितंच टाकीन."

ओढा ओलांडून हवालदार गुडघे मोडून खाली बसले. धोंडीबाचा धड असलेला पाय मातीला टेकला. वाडीचा म्हातारा पाटील काठावरून बघत होता. तो म्हणाला, "लागला पाय. वाटा धरा."

दुपारी डुक्कर पडलं. उतरताना धोंडीबा पिठ्ठूत, आणि पानात बांधलेला वाटा त्याच्या छातीशी. "डुकरावर डुक्कर लादलंय," हवालदार धापा टाकत म्हणाले. आपल्यापैकी कुणी त्यांचा चेहरा पाहिला असता, तर वजनाबद्दल अवाक्षर काढलं नसतं.

असे तीन शिमगे झाले. मग एका दिवाळीनंतर हवालदार दुकानात आले. पिठ्ठू काउंटरवर ठेवून म्हणाले, "धोंडीबा गेला." मला सुचलं ते धंद्याचंच. म्हटलं, "हवालदार, ती भोकं बुजवून देऊ का?"

त्यांनी पाठ फिरवली. "चढवा."

मी रिकामा पिठ्ठू चढवला आणि पट्टा आवळला. त्यांचे हात आपोआप कमरेच्या दोन्ही बाजूंना गेले, लोंबते पाय धरायला, आणि तिथेच थांबले. मला त्या क्षणी त्यांची फार माया आली.

"ऱ्हाऊ द्यात," ते माझ्याकडे न वळता म्हणाले. "रगत गळाया लागत्यात."