उकडलेला गड्डा

आमच्या शेणवे गावच्या ओहोळाकाठी एक रानहळद उगवायची. पानं हळदीसारखीच, पण चुरगाळली की वास कैरीचा. लग्न होऊन आले तेव्हापासून मी ती बघत होते. आंबेहळदीच्या गड्ड्याला असतो तो वास, पण हिच्या पानांना का, हे विचारायचं तरी कुणाला?

मागच्या श्रावणात झाडांचा अभ्यास करणारी एक मुलगी आली. तिला मी ते बेट दाखवलं. पान हुंगलं नि ती चिखलातच बसली. फुलं मात्र कुजून गेलेली.

"आजी, ही अजून कुणी नोंदवलेली नसावी. पण फूल बघितल्याशिवाय कसं सांगू?"

हळदीच्या नि आंबेहळदीच्या फुलात म्हणे परागाच्या पिशवीला खाली दोन बारीक शिंगं असतात. हिला ती नसली तर ही वेगळीच, ते बघायचं होतं. झालं, माझ्याही डोक्यात ती शिंगं बसली.

दिवाळीनंतर तिचा फोन आला. "एखादा गड्डा काढून जपून ठेवाल? मी कुंडीत लावीन, म्हणजे फूल चुकणार नाही."

न ठेवायला काय झालं! मागच्या दारी मोरीच्या पाण्याशी बसून मुळ्या छाटल्या, बारीक डोळे खुडले. एखादाच कशाला, सगळं बेटच खणून आणलं होतं. मग हळद जपतात तशी जपली. उकडली, वाळवली, डब्यात भरली.

चैत्रात ती आली. मी डबा पुढं केला. तिनं एक तुकडा नखानं खरवडला.

"आजी, हे उकडलंत?"

"मंग? कच्चा ठेवला तर कीड नाय लागायची का गो?"

तिनं डबा बाजूला ठेवला नि आम्ही निघालो. ओहोळावर जाऊन बघितलं, तर नुसता खड्डा. वर-खाली लांबवर शोधलं, दुसरं बेट नाही. घरी परतताना तिनंच माझा हात धरला. रागावली असती तर बरं वाटलं असतं.

सून म्हणाली, "आई, जगात एकच होती, ती पण तुमी शिजवलीत."

आषाढात मोरीपाशी अळू काढत होते. मधेच एक वेगळी सुरळी दिसली. टोक चुरगाळून हुंगलं. कैरी! मी खुडून टाकलेला डोळा रुजला होता. कोंबड्या उकरतील म्हणून भोवती काट्या रोवल्या नि रोज सकाळी वाकून बघायला लागले. पानांच्या मधून कणीस वर आलं तशी फोन केला.

पडवीत बसून तिनं सुईनं फूल उलगडलं, मग भिंग माझ्या हातात दिलं. पिवळी पिशवी दिसली. खाली बघितलं, पुन्हा बघितलं.

"शिंगं नायत गो!"

"नाहीत," ती हसली. "आता सगळ्या जुन्या नोंदींशी ताडून बघायचं. वेळ लागेल."

"गड्डा न्या," सून आतून ओरडली, "पण चुलीवरून नेऊ नका!"

या खेपेला मी मातीसकट एक तुकडा तिला दिला. दुसरा ओहोळाकाठी, त्याच खड्ड्यात पुरून आले.