मामाची राहिलेली हनुवटी

भुतं मी फक्त गिऱ्हाइकांच्या तोंडून ऐकलेली आहेत. नगरात माझं छोटंसं सलून आहे. खुर्चीत बसून मान मागे टाकली की माणसाला काय होतं कोण जाणे... चिंचेवरची हडळ, विहिरीतली बाई, सगळं आठवायला लागतं. मी "अरे बापरे" म्हणतो आणि साबण लावतो. त्यातलं एकही अक्षर मी खरं मानलेलं नाही, आजही मानत नाही. फक्त माझ्या उजव्या हातावर एक वण आहे, त्याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही. लग्नकार्यात पोरं जमली की मी बाही वर करून तो दाखवतो, आणि बायको "झालं सुरू" म्हणून आत निघून जाते.

दुसऱ्या महायुद्धाच्या, लढाईच्या वर्षांतली गोष्ट. घोडेगावजवळच्या खेड्यात आईचा थोरला भाऊ, सखाराममामा, गावाचा न्हावी होता. वडील गेल्यावर आईने मला त्याच्याकडे शिकायला ठेवलं. मिसरूड फुटलेला घोडा होतो मी, पण तोवर दुसरं काही जमलं नव्हतं. मामाला मूलबाळ नाही. तेव्हा त्याची धोकटी – वस्तरा, कात्री, वाटी ठेवायची चामड्याची पिशवी – पुढे मलाच मिळणार, असं आई धरून चालली होती. धोकटी ज्याच्याकडे, त्यालाच गाव दाढीला बोलवायचं आणि सुगीला धान्य घालायचं. ती मिळाली तर आम्ही मायलेकरं जेवणार होतो. नाही तर... नाही.

सुरुवातीला मी उपड्या मडक्याला राख फासून ते भादरलं. मडक्याने कधी तक्रार केली नाही, त्यामुळे मी स्वतःला कारागीर समजायला लागलो. मग मामाने मला घोडेगावच्या बाजारात बसवलं. बैल विकायला आलेली माणसं, आठवडाभराचे खुंट, आणि लढाईपायी साबण मिळेना, म्हणून नुसत्या पाण्यावर दाढी. पहिल्याच गालावर मी रक्त काढलं.

मामाने गिऱ्हाइकाला हसत तुरटी लावली. मग मला म्हणाला, "हात आन."

"मामा, चुकलं..."

"तोंड चुकलं का हात? मग हात आन."

ज्या हातात वस्तरा होता त्याच हाताला, मनगटाच्या वर, त्याच वस्तऱ्याने त्याने तेवढीच चीर दिली. "गिराइकाला जेवढं, तेवढंच तुला. कमी न्हाई, जास्त न्हाई."

दुसऱ्या चुकीची चीर पहिलीच्या वर, बोटभर अंतर सोडून. तिसरी तिच्यावर. हातावर शिडी चढत गेली. बाजारातली माणसं हसायची – "सख्या, तुजं भाचं कोपरापत्तुर शिकत आलं की रं!"

मामाच्या हनुवटीला खोल खळी होती आणि खळीत चामखीळ. त्या हनुवटीची दाढी एरवी तो स्वतःच करायचा. एकदा पारावर सगळ्यांसमोर त्याने सांगितलं, "दत्त्या, ज्या दिशी ही हनुवटी रगत न काढता करशील, त्या दिशी धोकटी तुजी." मी कितीदा प्रयत्न केला! पण वस्तरा खळीशी गेला की मामा मुद्दाम बोलायला लागायचा. "आईला सांग, दुसरं पोरगं हुडक म्हनावं." स्वतःच हसायचा, हनुवटी हलायची, रक्त यायचं. मग – "हात आन."

पावसाळा सरता सरता मामा तापाने गेला.

नेवाशाहून त्याचा धाकटा भाऊ, विठूमामा, आला. तोही न्हावी, पण धान्य घालणारं स्वतःचं गाव नसलेला. आमच्यात मयताला आंघोळ घालण्याआधी दाढी करायची रीत होती. मी वस्तरा परजायला घेतला, तेवढ्यात विठूमामा अंगणात पाटलांसमोर उभा राहून म्हणाला, "दादाची अट समद्यांला ठाव हाय. रगत न्हाई निघालं तर धोकटी ह्याची. निघालं तर माजी."

"आरं, मढ्याला कुटं रगत येतंय?" मागून कोणीतरी म्हणालं. "भाचं जितलं म्हन की!"

त्या दुःखातही लोक हसले. खरं सांगतो, मलाही आतून हसू आलं. मामा पहिल्यांदाच गप्प बसणार होता.

हातावरचे वण पाहुण्यांना दिसू नयेत म्हणून मी पूर्ण बाहीची पैरण घातली होती, मनगटाशी गुंडी लावून. गाल झाले. हनुवटीची एक बाजू झाली. पण जिवंत माणूस ओठ आत ओढतो, गाल फुगवतो, वस्तऱ्याला मदत करतो. मामाने काहीच मदत केली नाही. खळीशी वस्तरा अडला आणि चामखिळीजवळची कातडी जराशी उचलली गेली. आत पांढरं. रक्ताचा टिपूस नाही. मी श्वास सोडला.

आणि बाहीच्या आत ती ओळखीची आग झाली.

मनगटावरून ऊन धार आली, वस्तऱ्याच्या मुठीवरून ओघळली आणि टपकन मामाच्या खळीत पडली. खळी भरली.

"रगत," विठूमामा म्हणाला.

मी गुंडी तोडून बाही वर ओढली. शिडीतल्या सगळ्यात वरच्या वणाच्या वर, बोटभर अंतर सोडून, ताजी चीर. बाही मात्र धड होती, एक धागा तुटलेला नाही.

उशाशी बसलेल्या मामीने पदराने खळी पुसली. नीट बघितलं. "ह्यांचं न्हाई. दत्तूच्या हातातलं हाय."

"कुनाचं का असंना, वहिनी. निघालं का न्हाई?"

पाटलांनी मान हलवली. निघालं होतं.

मामी उठली, धोकटी विठूमामाच्या खांद्याला अडकवली आणि म्हणाली, "घ्या भावजी. आता ऱ्हायलेली हनुवटी करा."

विठूमामा वस्तरा घेऊन वाकला. खळीकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं. मग वस्तरा मिटला. "ऱ्हाऊ दे. तशीच बरी दिसती."

मामा अर्ध्या हनुवटीने सरणावर गेला.

आईला घेऊन मी नगरला आलो. तिने शेवटपर्यंत लोकांची भांडी घासली. मी दुसऱ्याच्या खुर्चीमागे उभा राहिलो. एक कंपाउंडर म्हणाला, जुना वण उलला असेल. पण त्या जागी जुना वण नव्हताच. उजव्या हातातला वस्तरा उजव्याच हाताला, तोही बाहीच्या आत, कसा लागेल, हे मी आरशासमोर नाना तऱ्हेने करून बघितलं आहे. जमत नाही. पुढे गिऱ्हाइकांना मी काही कमी कापलं नाही, पण हात पुन्हा कधी चिरला नाही.

एवढंच आहे की, दाढी चालू असताना गिऱ्हाईक बोलायला लागलं, की मी वस्तरा उचलतो आणि त्याचं पूर्ण होईपर्यंत थांबतो. लोकांना वाटतं, मी भुतांच्या गोष्टी फार मन लावून ऐकतो.