घोरपडीच्या पोटातलं

ती घोरपड नुसत्या हातांनी धरता आली, तेव्हाच कुणाला तरी शंका यायला हवी होती. घोरपड अशी सापडत नसते. कालव्याच्या भरावावर ऊन खात पडलेली असते आणि माणसाची चाहूल लागली की बिळात नाहीतर बाभळीवर. ही मात्र पडूनच राहिली. आमच्या शेजाऱ्याने तिच्यावर पोतं टाकलं, तिचं तोंड सुतळीने आवळलं, सायकलच्या कॅरिअरला बांधली आणि भर दुपारी आमच्या गोठ्यात आणून टाकली.

"लई गरीब हाय," तो कौतुकाने म्हणाला. "जरा बी झटली न्हाई."

आमच्याकडे आजारी जनावराला गरीब म्हणतात आणि आजारी माणसाला नाटकी. माझ्या थोरल्या भावाला त्या हिवाळ्यात कुणी नाटकी म्हणू नये, एवढ्यासाठी हे सगळं चाललं होतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, निमगाव सावापासून जवळच. भाऊ पैलवान होता. चैत्रात गावची यात्रा भरायची आणि यात्रेतली शेवटची कुस्ती, म्हणजे मानाची, त्याची असायची. घरातलं निम्मं दूध त्याच्या पोटात जायचं आणि त्याबद्दल आमची तक्रार नव्हती, कारण तो रस्त्याने चालला की पारावरची माणसं सरकून जागा करायची. मलाही त्याचा तोरा होता. त्याची बहीण म्हणून मी शाळेत बरीच दादागिरी करून घेतली.

त्या वर्षी तालमीत सराव करताना त्याच्या कमरेत कळ आली आणि डाव्या पायाला मुंग्या यायला लागल्या. आळेफाट्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, मणक्यात गॅप आहे म्हणाले. त्यांनी स्पष्ट सांगितलं, वडिलांच्या आणि माझ्या देखत: "यंदा मातीत उतरलास तर पाय जाईल. एक यात्रा सोड, पुढचं पुढं बघू." भावाने मान हलवली. मला वाटलं, पटलं असावं.

दुसऱ्या दिवशी तालमीचे वस्ताद घरी आले. वस्ताद म्हणजे ज्यांनी त्याला लहानपणापासून मातीत घोळलं होतं ते. वडील त्यांच्यापुढे खाटेवर बसत नसत.

"डाक्टर कंदी लांग बांधून उतरलाय का मातीत?" वस्ताद म्हणाले. "पोराला घोरपड घाला. मटान खायला आन् तेल कमरंला. गड कशी धरून ऱ्हाती घोरपड? तशी धरंल कंबार."

झालं. वडिलांनी शेजाऱ्याला कामाला लावलं. फॉरेस्टवाल्यांना कळलं असतं तर सगळे आत गेले असते, म्हणून गोठ्याच्या दाराला गोणपाट लावलं होतं.

मी अकरावीला सायन्सला होते, म्हणजे घरातली फुकटची हुशार. घोरपड बघायला आलेले वस्ताद आणि बाकीचे चहाला गेले तेव्हा मी गोणपाट सारून आत गेले. घोरपडीच्या काखेत, कानाच्या भोकापाशी, शेपटीच्या बुडाशी गोचीड चिकटलेले होते. फुगून एरंडाच्या बियांसारखे झालेले, राखाडी, एकाला लागून एक. कातडी ढिली पडली होती आणि मागच्या पायांची हाडं वर आली होती. पोट तेवढं टम्म. डोळा अर्धा उघडायची आणि पुन्हा मिटायची. मी काडीने एक गोचीड उचकटायला गेले तर तिने पाय आत ओढला, बस्स, तेवढंच. मला तिची दया आली आणि लगेच किळसही आली. दोन्ही खरं होतं.

मी बाहेर येऊन सांगितलं, "वस्ताद, ही आजारी आहे. गोचिडांनी खाल्लीय तिला."

वस्तादांनी बशीतला चहा संपवला. "पोरी, गोचीड कुठं लागतो? रगात आसंल तिथंच ना? मढ्याला लागल्याला बघितलाय का कंदी?"

सगळे हसले. वडील सगळ्यांत मोठ्याने हसले, कारण मुलगी आगाऊ निघाली होती आणि ते भरून काढायचं होतं. गोचीड हा त्या दिवसापुरता तब्येतीचा दाखला ठरला.

तालमीला रविवारी सुट्टी, म्हणून तिला रविवारपर्यंत जिवंत ठेवायचं ठरलं. ती गाईच्या पायांजवळ तशीच पडून होती, आता पायही पाठीवर बांधलेले. आई गाईला पाणी दाखवायला जायची तेव्हा तिच्यापुढेही एक वाटी ठेवायची. तोंड सुतळीने बांधलेलं होतं. हे आईच्या लक्षात आलं नव्हतं की येऊनही ती ठेवत होती, मी कधी विचारलं नाही.

रविवारी सकाळी शेजाऱ्याने तिला परसात दगडावर घेतलं. मारणं पटकन झालं. त्याबाबतीत तो बरा होता. मग त्याने पोट उघडलं आणि सुरा तसाच धरून मागे सरकला.

आत जंत होते. ओंजळभर, पांढरे, एकमेकांत गुंतलेले, जिवंत. पातेल्यातून उपसलेल्या शेवयांसारखे, फक्त हलत होते. जठराची पिशवी त्यांनीच भरलेली होती. मांसातही जागोजागी पांढरे दोरे दिसत होते. त्यांचं घर मेलं होतं आणि त्यांना अजून पत्ता नव्हता.

तेवढ्यात भाऊ टॉवेल खांद्यावर टाकून परसात आला. एका हाताने कंबर धरून तो वाकला आणि त्याने ते पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावरचं मला आजही दिसतं. आखाड्यात कुणालाच न भ्यालेला माणूस घाबरला होता. मी मनात म्हटलं, आता नाही म्हण. एकदा म्हण.

वस्तादही चमकले होते. पण त्यांना इतकी वर्षं कुणी चूक म्हटलं नव्हतं आणि चूक होण्याची सवय त्यांना नव्हती. त्यांनी भावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"बघितलं का पैलवान? येवढी खानारी तोंडं पोसत व्हती, तरी जितराब जित्तं व्हतं. किती ताकद आसंल आंगात! आता खानारं कुनी न्हाई. समदी तुला."

हे ऐकून माणसं सुटली. खरंच की, म्हणाली. शेजारी पुढे सरकला. जंत कोंबड्यांपुढे टाकले आणि कोंबड्यांनी ते भांडून खाल्ले. जी घोरपड स्वतःचा जीव घेऊन पळू शकली नाही, ती माझ्या भावाला उभं करणार होती, आणि हे त्या परसातल्या एकाही बाप्याला विचित्र वाटलं नाही.

"नीट धुऊन घ्या," भाऊ एवढंच म्हणाला.

आईने बाहेर तीन दगडांच्या चुलीवर जुन्या पातेल्यात ते रटरटवलं. भावाने खाल्लं, गोठ्यामागे जाऊन ओकला, तोंड धुऊन परत येऊन बसला आणि पुन्हा खाल्लं. उरलेलं तालमीतल्या पोरांनी संपवलं, हाडंसुद्धा चोखली. चरबी कढवून तेल निघालं ते जेमतेम वाटीभर, पण वस्तादांनी पुरवून पुरवून वापरलं. भावाला पालथा घालायचे आणि सरकलेल्या मणक्यावर गुडघा देऊन रगडायचे. तो टॉवेल दातांत धरायचा. आई तेवढा वेळ विहिरीवर जाऊन बसायची.

"हलकं वाटतंय," तो सगळ्यांना सांगायचा. तेवढं सोसून झाल्यावर दुसरं काय सांगणार होता?

यात्रेला आंबेगावकडचा एक दणकट पोरगा आला होता. आम्ही बायका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत उभ्या राहून बघत होतो. हलगी कडकडत होती. भावाने सुरुवात चांगली केली, एवढी की मलाही क्षणभर वाटलं, वस्तादच खरे असतील. मग त्या पोराने ढाक डाव लावला. भाऊ पाठीवर आला आणि उठला नाही. माणसं "ऊठ! ऊठ पैलवान!" म्हणून ओरडत होती. हलगीवाल्याला कुणी थांबायला सांगितलं नाही, त्यामुळे तो वाजवतच राहिला.

पुण्याला ऑपरेशन झालं. डाव्या पायातली गुडघ्याखालची ताकद गेली ती गेलीच. तिथल्या डॉक्टरांनी परत येणार नाही असं त्याच्या तोंडावर सांगितलं.

मग माणसं बघायला येऊ लागली. पाणी पिऊन, पाय पोटाशी घेऊन बसायची आणि एकच बोलायची: जंतांनी घात केला. सत्त्व त्यांनी आधीच ओढून घेतलं होतं, पैलवानाच्या वाट्याला नुसता चोथा आला. आळेफाट्याच्या डॉक्टरांचं नाव एकानेही काढलं नाही, वडिलांनीही नाही. शेजाऱ्याला मात्र गावाने धारेवर धरलं. किडका माल आणला म्हणून. तो बिचारा आमच्या दारावरून जायचा बंद झाला. मला त्या गोचिडांचा आणि जंतांचा कधीच राग आला नाही. ते भुकेले होते आणि त्यांनी कुणाला वचन दिलं नव्हतं. राग आला तो बशीतून चहा पिणाऱ्यांचा, आणि तो अजून उतरलेला नाही.

आषाढात वस्ताद आले. तालमीत तोवर नवी पोरं आली होती, त्यांच्या गप्पा झाल्या. उठताना त्यांनी भावाच्या त्या पायावरून हात फिरवला. "त्या टायमाला मालच खराब निघाला रं. यंदा निवडून आनू," म्हणाले आणि वहाणा घालून गेले.

मी भावाकडे बघत राहिले. वाटलं, आता तरी हा तांब्या भिरकावेल, आई-माईवरून शिव्या देईल. मला त्या शिव्या ऐकायच्या होत्या. त्याने दोन्ही हातांनी पाय उचलून खाटेखाली सोडला आणि माझ्याकडे वळला.

"तायडे, पळ, वस्ताद लांब न्हाई गेलं. त्यास्नी म्हनावं, दोन घावल्या तर दोनी आना. चैत्रापतूर उभं ऱ्हायचंय मला."