वाडा उठवला

"धनगराचा वाडा!" सर माईकवरून म्हणाले आणि सगळं सभागृह हसलं.

धाराशिवच्या एका कॉलेजचं सभागृह. जिल्ह्यातल्या जुन्या माणसांच्या आयुष्याच्या गोष्टी त्यांच्याच आवाजात जतन करायचा सरांचा उपक्रम होता, आणि त्यातून एक पुस्तक निघणार होतं. छपाईला जाण्याआधीचा हा कार्यक्रम. सरांनी नुकताच एका म्हातारीचा आवाज ऐकवला होता. दोनच वाक्यं, बोरी नदीच्या काठावरची. "बोरीच्या कडंला आमचा वाडा हुता. पाटलानं उठीवला." तेवढ्यावर त्यांनी आवाज थांबवला.

"बघा, स्मृती कशी गल्लत करते," सर म्हणाले. "वाडा कुणाचा? पाटलांचा. यांची असणार झोपडी. पण इतक्या वर्षांनी पाटलांचा वाडा म्हातारीच्या मनात तिचाच होऊन बसला!"

पुन्हा हसू. या वेळी टाळ्याही.

ती म्हातारी शेवटच्या रांगेत, माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली होती. माझी आत्या. वडिलांची थोरली बहीण. सकाळच्या एसटीनं मीच तिला नळदुर्गहून घेऊन आले होते. तिचा आवाज मी रेकॉर्ड केला होता, कागदावर मीच उतरवला होता. आणि सगळे हसले तेव्हा मीही हसले.

हे लिहायला जड जातं, पण लिहिते. मीही हसले. आत्यानं ते पाहिलं.

वाडा म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. आमच्यात वाडा म्हणजे दगडमातीचा चौसोपी वाडा नव्हे. मेंढरं, घोडी, कुत्री, बिऱ्हाड, बायका, लेकरं आणि मेंढरं कोंडायची जाळी, या सगळ्याचा मिळून वाडा होतो. तो कुणाच्या तरी रानात बसतो. मेंढरांचं खत रानाला मिळालं की उठतो आणि दुसऱ्या रानात जातो. वाडा बसला, वाडा उठला, ही आमची रोजची बोली. आमचा वाडा चालतो. सरांचा एकाच जागी उभा असतो, एवढाच फरक.

चौथीत 'माझे घर' या निबंधात मी लिहिलं होतं की आमचा वाडा दर चार दिवसांनी गाव बदलतो. बाईंनी तो निबंध वर्गाला वाचून दाखवला. पोरं बाकांवर हात आपटून हसली. बाई म्हणाल्या, "अगं, वाड्याला काय पाय असतात?" त्या दिवसापासून हा शब्द मी घराबाहेर काढला नाही. कुणी हसायच्या आत आपणच हसायचं, ही युक्ती मला तिथंच सापडली. तिच्या जोरावर मी एमए झाले. तिच्याच जोरावर या उपक्रमात मुलाखती घ्यायचं कामही मिळालं. आत्याचं सासरचं आडनाव वेगळं, म्हणून ती माझी कोण लागते हेही मी सरांना सांगितलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी सर आम्हाला म्हणाले होते, "लोक जसे बोलतात तसंच उतरवा. एक शब्दही सुधारायचा नाही." मला ते इतकं आवडलं होतं की वहीच्या पहिल्या पानावर मी ते लिहून ठेवलं. म्हणून आत्याचा वाडा मी वाडाच ठेवला. खाली तळटीप द्यायला हवी होती. दिली नाही. दिली असती तर हे तुम्हाला कसं माहीत, असं कुणीतरी विचारलं असतं. चूक माझीही आहे, ती मी झाकत नाही.

आत्या तिच्या दारात लोकर निवडत बसली होती, तेव्हा हे बोलली होती. हात कामात असले की तिला बोलता येतं. समोर पुरुष नव्हता, म्हणून सगळं बोलली.

"बोरीच्या कडंला आमचा वाडा हुता. माजं लेकरू गेलं तिथं. आठ दिसाचं. बांधाच्या कडंला मातीआड केलं. सांच्याला पाटील आला. म्हनला, माज्या रानात मढं पुरलं व्हय? तिथनं वाडा उठीवला त्यानं. थानातनं दूध गळत हुतं आन म्या मेंढरामागं चालत हुते. लेकराच्या मातीवर दगूड बी ठिवू दिला न्हाय."

मग खालच्या आवाजात तिनं त्या माणसाचं नाव घेतलं. गावाचंही. आणि पुन्हा लोकर निवडायला लागली. तिला सांत्वन नको होतं. ते कुठंतरी लिहून राहावं एवढंच तिला हवं होतं. "तुज्या पुस्तकात ऱ्हाईल न्हवं?" असं तिनं दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा हो म्हणाले.

चहाची सुट्टी झाली तेव्हा सरांनी मला मजकुराची प्रत दिली. आत्याच्या पानावर छापलं होतं: 'पाटलांच्या वाड्याच्या आश्रयाने आमची झोपडी होती. ती पडली आणि आम्ही ते गाव सोडले.' खाली आत्याचं नाव. लेकराचा पत्ता नाही. दुधाचा नाही. मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. उठवला म्हटलं की उठवणारा कुणीतरी असतो. झोपडी काय, आपोआप पडते.

मी सरांना वाड्याचा अर्थ सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकलं. चष्मा काढून पुसला. क्षणभर मला वाटलं, झालं, आता दुरुस्त करतील.

"असं होय," ते म्हणाले. "मग तर ते काढलेलंच बरं. त्या पाटलांचे नातू पहिल्या रांगेत बसलेत. चांगली माणसं आहेत. त्यांना कशाला दुखवायचं?"

"पण सर, जसं बोलतात तसंच उतरवायचं ठरलं होतं."

"भाषेच्या बाबतीत म्हणालो होतो मी. आणि हे बघा, म्हातारीला काय फरक पडतो? तिला कुठं वाचता येतंय? संमतीपत्रावर अंगठा घेऊन टाका."

अज्ञानानं हसले होते, तोवर मी सहन केलं. आता त्यांना सगळं कळलं होतं. कळूनही ते अंगठाच मागत होते.

टेबलावर निळं स्टॅम्पपॅड होतं. आत्या माझ्यामागून कधी आली कळलं नाही. कागद दिसला की अंगठा द्यायचा, ही तिची जन्माची सवय. तिनं पॅडवर अंगठा दाबलासुद्धा. कागदावर लिहिलं होतं, 'वरील मजकूर मी सांगितल्याप्रमाणे असून मला मान्य आहे.' तिचा हात खाली येत होता.

मी तिचं मनगट धरलं.

"आत्या, यात तुमचं लेकरू नाही," मी म्हणाले. "पाटलानं उठीवला हेबी नाही."

आत्यानं हात मागं घेतला. सरांनी तिच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आत्या?"

"होय. ही माझी आत्या. मीही वाड्यावरचीच आहे. हा अंगठा इथं लागणार नाही आणि हे पान तिच्या नावानं छापायचं नाही."

"तुमचं या उपक्रमातलं काम संपेल, कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हणाले. माझ्या ओढणीनं मी आत्याचा अंगठा पुसला. शाई काही नीट निघाली नाही.

एसटीत आत्या खिडकीकडं तोंड करून बसली. गाडी धाराशिवबाहेर पडल्यावर म्हणाली, "तू बी हसलीस."

"व्हय आत्या."

माफ केलं, असं काही ती बोलली नाही. बोलायचं कारणही नव्हतं. तुळजापूरच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा ती वळली. "तुजं ते मशीन हाय का जवळ? लाव. तवा त्याचं नाव लई हळू घेतलं हुतं म्या."

मी मोबाईल काढून तिच्या तोंडाशी धरला. तिनं लेकराचं नाव सांगितलं. मला माहीतच नव्हतं की त्याचं नाव ठेवलं होतं. मग तिनं त्या माणसाचं नाव घेतलं, गावासकट, इतक्या मोठ्यानं की पुढच्या सीटवरची माणसं मागं वळून बघायला लागली. एक जण हसला.

मी हसले नाही. त्याची नजर खाली जाईपर्यंत मी त्याच्याकडं बघत राहिले.

आता मी वाड्या-वाड्यांवर जाते. उपक्रम नाही, सर नाहीत, माझा मोबाईल आहे. जो बोलेल त्याला त्याचंच बोलणं परत ऐकवते, आणि त्यानं व्हय म्हटल्याशिवाय कागदावर उतरवत नाही. वाडा म्हणजे काय हे तळटिपेत लिहिते, आणि मला कसं माहीत हेही लिहिते. आत्याचं पान सगळ्यात वर आहे. त्यात उठवणाऱ्याचं नाव आहे. त्याचे नातू पहिल्या रांगेत बसोत नाहीतर माझ्या दारात येऊन बसोत, ते नाव मी खोडणार नाही.