भाड्याच्या खोलीतला पलंग

आमच्या डोक्यावर राहणाऱ्या जोडप्याचा संसार जिन्यात झाला, असं मी म्हणतो आणि माझी बायको मला गप्प करते. पण खोटं काय आहे? नवरा एका शीतगृहावर रात्रपाळीचा पहारेकरी. बायको हॉटेलात खोल्या आवरायला, सकाळपाळी. तो घरी यायचा, ती निघायची. आमच्या दारासमोरच्या वळणावर दोघांची गाठ पडायची. "भात झाकून ठेवलाय." "छत्री घे." झालं, एवढाच संवाद. त्यांच्या पलंगाला गार व्हायला कधी फुरसतच मिळाली नाही. तरी एक मुलगी झाली. कशी, ते मला विचारू नका, सुट्ट्या असतात माणसाला.

वरच्या या वहिनींना आम्ही आपसात 'इस्त्री' म्हणतो. बाईंच्या हाताखालून गेलेल्या कापडावर सुरकुती टिकत नाही. त्यांचं हॉटेल म्हणजे गावोगावी शाखा असलेलं, मध्यम भाड्याचं. सगळीकडे सारखेच पडदे, सारखीच किटली, आणि पलंगाच्या डोक्याशी समुद्राची तीच एक तसबीर. वहिनींनी तो समुद्र वर्षानुवर्षं फडक्याने पुसला होता. खरा मात्र पाहिला नव्हता.

यंदा नवरा निवृत्त झाला. लेकीने लकडा लावला, तुझ्या हॉटेलची सवलत आहे, समुद्राकाठच्या शाखेत दोन रात्री राहून या. वहिनी तयार झाल्या, पण माझ्या बायकोजवळ हळूच बोलल्या, की समुद्र एकवेळ नाही दिसला तरी चालेल. आता हा माणूस दिवसभर घरात, समोर, जागा असणार. त्याच्याशी बोलायचं काय? तिकडे दोन दिवस खिडकीत शेजारी बसून बघते, काही सुचतं का. हे बायकोने मला सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणाली. म्हणून लिहितोय.

भर दुपारी ते तिथे पोचले. वहिनींनी दार उघडलं आणि न बघता दिव्याच्या बटणावर हात ठेवला. बटण तिथेच होतं. पडदा सारला, तर खाली समुद्र. उन्हात, धूसर, अर्धा वितळल्यासारखा. त्यांनी एकदा तसबिरीकडे पाहिलं, एकदा बाहेर. खरा समुद्र त्यांना जरा धुळकट वाटला.

"अहो, बघा तरी," म्हणत त्या वळल्या, तर पहारेकरी बूट काढून घोरत होता. त्याचाही दोष नाही. इतकी वर्षं ऊन म्हणजे झोप, असंच त्याच्या अंगाला ठाऊक. ऊन उतरल्यावर तो ताजातवाना होऊन उठला, तेव्हा समुद्र काळा पडला होता आणि वहिनींचे डोळे मिटत होते. सकाळी त्या उठल्या, तर हा खिडकीशी खुर्चीत ताठ. म्हणाला, सगळं ठीक आहे, काही हललं नाही. जणू रात्रीतून कुणी समुद्र उचलून नेणार होतं. एवढा अहवाल देऊन तो आडवा झाला.

दुसरा दिवसही तसाच गेला. वहिनी एकट्याच खिडकीत. लाटांचा आवाज काचेतून येईतो कापूस होऊन येत होता. मागे नवऱ्याचा श्वास, पुढे पाण्याचा, आणि मध्ये त्या, कडेवर बसवून कुणी झुलवावं तशा. छान वाटत होतं, म्हणाल्या, पण रडूही येत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी पिशव्या भरून झाल्या आणि खुर्चीत त्यांचा डोळा लागला. जाग आली ती अर्धीच. समोर तोच पडदा, तीच किटली, तीच तसबीर आणि विस्कटलेला पलंग. बाईंना वाटलं, आपण आपल्याच हॉटेलात आहोत, या मजल्यावरच्या अजून बऱ्याच खोल्या राहिल्यात आणि आपण बसलोय काय? त्या उठल्या. चादर झटकली, पायथ्याशी ताणून गादीखाली खोचली. कोपरा दुमडला, पाकिटासारखा. एक बाजू झाली, दुसरी झाली. वरून तळहात फिरवला. मधला उंचवटा काही बसेना, तेव्हा त्यांनी तो दोनदा थोपटला. मग उशी सारखी करायला गेल्या, तर उशीवर डोकं.

"माफ करा साहेब," त्या म्हणाल्या, "नंतर येते."

"साहेब कोण?" डोकं म्हणालं. "आणि माझे हात बाहेर निघत नाहीयेत."

वहिनी सांगतात, तो त्याच क्षणी जागा झाला. तो म्हणतो, पहिल्या ओढीलाच जाग आली होती, पण हलावंसं वाटेना. मला त्याचंच पटतं. इतक्या वर्षांत त्याने बायकोला काम करताना पाहिलंच नव्हतं. ओठ आवळलेले, नजर कापडावर, हात असे चाललेले, की जणू पाण्यात पोहतेय कुणी.

"कधी शिकलीस हे?" त्याने विचारलं.

"तुम्ही झोपला होता तेव्हा."

मग त्या पलंगाच्या कडेला बसल्या आणि दोन दिवस गिळलेलं बोलून गेल्या. "उद्यापासून तुम्ही घरात. मी येईन तेव्हा जागे असाल. काय बोलायचं हो आपण?"

पहारेकरी खटपट करून चादरीतून सुटला, दुसऱ्या बाजूला जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हा कोपरा कसा करतात?"

त्यांनी दाखवलं. त्याने केला, तो वाकडा. पुन्हा केला, आणखी वाकडा. नव्या पोरींनी केलेले कोपरे उलगडून परत करायला लावणारी ही बाई, पण त्या कोपऱ्याला त्यांनी हात लावला नाही. आवरलेल्या पलंगावर, प्रवासाच्या कपड्यांनिशी, दोघं जरा टेकले. तो म्हणाला, मऊ आहे गं. त्या म्हणाल्या, आमच्याकडच्यापेक्षा नवी गादी दिसते. आणि खिडकीतल्या लख्ख समुद्राकडे पाठ करून दोघंही गाढ झोपले, एकाच वेळी. खोली रिकामी करा म्हणून खालून फोन वाजला, वाजून थकला.

दुपारची बस अर्थातच गेली. संध्याकाळच्या बसने आले. वाटेत दोघंही जागे होते, एवढं कळलंय. पण रस्ताभर बोलले काय, ते मात्र विचारलं की दोघं एकमेकांकडे बघतात आणि मला चहा देतात. मी आठवड्यात चार वेळा चहा पिऊन आलोय.